पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ब्लड कॅन्सर का?

रक्ततपासणीचा कागद हातात पडला की आपल्याकडे आधी पाहिला जातो तो ठळक अक्षरात छापलेला आकडा. मशीनला जो आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेरचा वाटतो तो ते ठळक छापते आणि शेजारी वर किंवा खाली तोंड केलेला एक बाण काढते. हा बाण पाहून धास्तावलेली माणसे आठवड्यातून दोन-तीन तरी माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टर, पांढऱ्या पेशी चौदा हजार दाखवल्यात. नॉर्मल अकरापर्यंत लिहिलंय. ब्लड कॅन्सर तर नव्हे?" विचारणाऱ्याचा घसा लालभडक, टॉन्सिल सुजलेले आणि अंगात एकशे दोन ताप. अशा वेळी पेशी वाढल्या नसत्या तरच मला जास्त काळजी वाटली असती. जंतूंशी लढायला शरीराने सैन्य बोलावले आहे, एवढाच त्या चौदा हजारांचा अर्थ.

उलट बाजूची माणसेही येतात. पोरगे महिनाभर किरकिरे झालेले, तोंड पांढुरके पडलेले, ताप जातो नि येतो. घरचे सांगतात, "रक्त तपासलं की डॉक्टर, पेशी सात हजार, एकदम नॉर्मल." पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर नाही, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यातली दुसरी जास्त धोक्याची आहे. पांढऱ्या पेशींच्या एकट्या आकड्यावरून ब्लड कॅन्सर ठरतही नाही आणि नाही असे म्हणताही येत नाही. मग तो कशावरून ओळखतात, त्याचे प्रकार कोणते आणि ते आपल्या भागात किती आढळतात, हे आज पाहू.

आधी घाबरणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. जागतिक कर्करोग नोंदणीच्या २०२० सालच्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी ल्युकेमियाचे, म्हणजे आपण ज्याला ब्लड कॅन्सर म्हणतो त्याचे, सुमारे ४८ हजार नवे रुग्ण होते. सर्व प्रकारच्या कर्करोगांचे मिळून नवे रुग्ण १३ लाखांवर होते. म्हणजे शंभर कर्करोगांत ल्युकेमिया तीन-चार. लोकसंख्येशी प्रमाण काढले तर लाखामागे वर्षाला साधारण साडेतीन. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. देशाचे प्रमाण आपल्याला लावले तर जिल्ह्यात वर्षाला सव्वाशे-दीडशे नवे रुग्ण, तालुक्यामागे दहा-बारा. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, घरोघरची मोजणी नव्हे. तशी मोजणी करणे किती चिकाटीचे काम असते हे पाहायचे तर बार्शीचे उदाहरण घ्यावे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला माणूस आपणहून मोठ्या इस्पितळात जाईल याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन चौकशी करीत.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे पांढरीफटक दिसणारी, दम लागणारी बाई माझ्यासमोर बसली की तिला लोह कमी पडत असण्याची शक्यता ब्लड कॅन्सरपेक्षा शेकडो पटींनी जास्त. तरीही वर्ष-दोन वर्षांतून एखादा रुग्ण असा येतो, की ज्याचा कागद पाहून मी खुर्चीत सावरून बसतो. त्या कागदात काय वेगळे असते हे समजण्यासाठी रक्त कुठे तयार होते ते पाहावे लागेल.

कारखाना हाडात

कोल्हापूरकरांना तांबडा-पांढरा म्हटले की वेगळेच काही आठवते. शरीरातला तांबडा-पांढरा शिजतो तो मात्र हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत. मोठ्या माणसात हे काम कंबरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या आणि मणके यांत चालते. लहान मुलांत हातापायांच्या लांब हाडांतही ते जोरात चालू असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या कारखान्यातून तीन माल बाहेर पडतात. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस आणि पांढऱ्यांतला मुख्य शिपाई, न्यूट्रोफिल, रक्तात जेमतेम एखादा दिवस. त्यामुळे कारखान्याला सुट्टी नाही. एकट्या तांबड्या पेशीच रोज वीस हजार कोटींच्या घरात तयार होतात.

ल्युकेमियात काय होते, तर या कारखान्यातल्या एका बाल्यावस्थेतल्या पांढऱ्या पेशीत बिघाड होतो. ती मोठी होऊन कामाला लागत नाही किंवा मरायच्या वेळी मरत नाही, नुसती आपल्यासारख्या पेशी जन्माला घालत सुटते. ऊस लावलेल्या रानात लव्हाळा माजावा तसा प्रकार. खत-पाणी तण खाते आणि ऊस खुरटतो. मज्जेत जागाच उरली नाही की तांबड्या पेशी, चांगल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही कमी पडू लागतात. म्हणून रुग्ण फिका पडतो, ताप हटत नाही आणि हिरड्यांतून, नाकातून रक्त येते किंवा अंगावर काळे-निळे डाग उठतात. आजाराची बहुतेक लक्षणे या तुटवड्याची आहेत.

यावरून रक्ताचा कागद वाचण्याची रीत कळते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स हे तीन रकाने एकत्र वाचायचे. हिमोग्लोबिन पुरुषात साधारण १३ ते १७, बाईत १२ ते १५. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख. एकच रकाना बिघडला असेल तर बहुधा कारण साधे निघते. हिमोग्लोबिन एकटे कमी असेल तर लोह, पांढऱ्या पेशी एकट्या थोड्या वाढल्या तर जंतुसंसर्ग. दोन किंवा तीन रकाने एकदम बिघडले असतील तर मात्र थांबून विचार करायचा. आणि चौथी गोष्ट, जी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही, ती म्हणजे स्मिअरचा शेरा. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन, पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले वर्णन. मशीन पेशी मोजते, पण तिचा चेहरा माणूसच ओळखतो. मशीन कधी कधी कॅन्सरच्या बालपेशींना लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट समजून मोजून टाकते. म्हणून शंकेच्या रुग्णाचे रक्त पाठवताना मी चिठ्ठीवर 'स्मिअर पाहून कळवावे' असे आवर्जून लिहितो.

दोन अक्षरी भानगड

ल्युकेमियाचे मुख्य प्रकार चार. एएलएल, एएमएल, सीएमएल आणि सीएलएल. नावे सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो, पण किल्ली सोपी आहे. पहिले अक्षर ए म्हणजे ॲक्यूट, झपाट्याने वाढणारा. सी म्हणजे क्रॉनिक, हळूहळू वाढणारा. मधले अक्षर पांढऱ्या पेशींचे घराणे सांगते. एल म्हणजे लिम्फोसाइटचे घराणे, एम म्हणजे मज्जेतले मायलॉइड घराणे. रुग्णाच्या नातेवाइकांनी नुसते "ब्लड कॅन्सर आहे" न सांगता ही तीन अक्षरे पाठ करावीत, कारण या चौघांचे वय वेगळे, रक्ताचे चित्र वेगळे आणि भवितव्यही वेगळे.

सर्वांत आधी एएलएल, कारण तो लहान मुलांचा. मुलांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत ल्युकेमियाचा वाटा सुमारे एक तृतीयांश, आणि मुलांच्या ल्युकेमियात चारांतले तीन एएलएल. दोन ते पाच वर्षे हे त्याचे मुख्य वय. रक्ताचे चित्र असे की हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट्स कमी, पण पांढऱ्या पेशी कशाही असू शकतात. निदानाच्या वेळी जवळजवळ निम्म्या मुलांत त्या दहा हजारांच्या आत असतात. पन्नास हजारांच्या वर गेलेली मुले पाचांत एखादे. सुरुवातीला ज्या नॉर्मल सात हजारांचा उल्लेख केला ते याचसाठी. त्या मुलाचे हिमोग्लोबिन सात आणि प्लेटलेट्स चाळीस हजार असतील, तर तिसऱ्या रकान्यातल्या नॉर्मल सात हजारांना काही अर्थ उरत नाही. काचपट्टीवर पाहिले की त्या सात हजारांत निम्म्याहून जास्त लिम्फोब्लास्ट, म्हणजे बालपेशी सापडतात.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. मुलांच्या पायांच्या हाडांत मज्जा कामात असते. ती कॅन्सरच्या पेशींनी ठासून भरली की हाड आतून ठणकते. त्यामुळे काही मुले फिकेपणा किंवा ताप दिसण्याआधी पाय दुखतो म्हणून येतात. "पोरगं चार दिस झालं चालंना बघा डाक्टर, मुरगाळलं म्हणून चोळून आणलं." दिवसभर खेळून संध्याकाळी पाय दुखणारी, चोळले की झोपणारी मुले घरोघर असतात, त्यांची काळजी नको. पण जे मूल रात्री दुखण्याने झोपेतून उठते, लंगडते, खेळ सोडून मांडीवर बसून राहते आणि शिवाय फिके दिसते, त्याचे रक्त तपासल्याशिवाय चोळायला नेऊ नये.

इथे एक गोष्ट जरा रागानेच लिहितो. ताप आणि सांधेदुखी या दोन्हींवर झटकन आराम देणारे औषध म्हणजे स्टिरॉइड. निदान न करता ते टोचणारे लोक गावोगाव आहेत, आणि पाण्याच्या घोटाबरोबर पुड्या देणारेही. लिम्फोब्लास्ट पेशी स्टिरॉइडने वितळतात. या आजाराच्या अधिकृत उपचारातही ते एक औषध आहे. त्यामुळे दोन-चार डोस पोटात गेले की मुलाचा ताप उतरतो, गाठी बसतात, रक्तातल्या बालपेशी दिसेनाशा होतात आणि घरचे त्या पुडीवाल्याला दुवा देतात. आजार गेलेला नसतो, दडलेला असतो. चार-सहा आठवड्यांनी परत येतो, आणि एकट्या स्टिरॉइडला सरावून बसलेला म्हणून जास्त चिवट होऊन येतो. बालरोगतज्ज्ञांना आणि पॅथॉलॉजिस्टना निदान करणेही अवघड जाते. तेव्हा कारण न कळलेल्या तापात, मुलाला काय टोचले ते विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि रक्ताची काचपट्टी आधी होऊ द्या.

चांगली बातमी अशी की चारांपैकी मुळापासून बरा होण्याची आशा बालवयातल्या एएलएलमध्येच फार मोठी आहे. प्रगत देशांत शंभरातली नव्वदच्या आसपास मुले बरी होतात. आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांत हे प्रमाण सत्तरच्या आसपास आले आहे. उपचार दोन ते अडीच-तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कठीण, नंतरचा मोठा काळ गोळ्यांचा आणि मूल शाळेत जाऊ शकते असा.

या उपचाराच्या इतिहासात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने, मार्माइट नावाने मिळणाऱ्या स्वस्त पदार्थाने, तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातला गुण म्हणजेच आज प्रत्येक गरोदर बाईला दिले जाणारे फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत मूळचे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड तयार केले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अशा औषधांचा ल्युकेमियाच्या मुलांवर वापर केला तेव्हा आजार उलट भडकल्यासारखा दिसला. यावरून त्यांनी ताडले की बालपेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागते, मग तेच अडवले तर? सुब्बारावांच्या मंडळींनी फॉलिक ॲसिडची नक्कल करून पेशीला फसवणारे औषध करून दिले. १९४८ साली फार्बर यांनी जाहीर केले की सोळांपैकी दहा मुलांत आजार काही काळ माघारी गेला. तोपर्यंत कोणत्याही औषधाने हे झाले नव्हते. त्या औषधाचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या प्रत्येक मुलाला दिला जातो. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

दुसरा ॲक्यूट प्रकार एएमएल. हा मुख्यतः मोठ्या माणसांचा, वय वाढते तसा जास्त. रक्तात तेच, हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स कमी, पांढऱ्या पेशी कमी-जास्त कशाही, आणि काचपट्टीवर बालपेशी. रक्तात किंवा मज्जेत बालपेशी सर्वसाधारणपणे २० टक्के किंवा अधिक असल्या की ॲक्यूट ल्युकेमिया म्हणतात. एएमएलच्या काही बालपेशींत तांबूस काडीसारखी खूण दिसते, तिला ऑर रॉड म्हणतात. ती दिसली की घराणे ओळखू आले. उपचार जड आहेत आणि यश एएलएलइतके नाही, अनेकांना मज्जा प्रत्यारोपण लागते. भारतात पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळात झाले.

एएमएलमधलाच एक पोटप्रकार एपीएल. यात पांढऱ्या पेशी बहुधा कमीच असतात आणि रक्तस्राव मात्र भयंकर. हिरड्या, नाक, लघवी, कुठूनही. डेंग्यूच्या साथीत असा रुग्ण डेंग्यू म्हणून बसून राहण्याचा धोका असतो. फरक असा की डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरतात, पण हिमोग्लोबिन सहसा उतरत नाही, आणि आठवड्याभरात प्लेटलेट्स चढू लागतात. एपीएलमध्ये पहिले काही दिवसच जिवावरचे असतात, तेवढे पार पडले तर मोठ्या माणसांच्या ल्युकेमियांत सगळ्यात जास्त बरा होणारा हाच. औषधे दोन, त्यातले एक अ जीवनसत्त्वाच्या जातीचे आणि दुसरे चक्क सोमल. दोन्ही चीनमधल्या डॉक्टरांनी पुढे आणली. सोमल शुद्ध स्वरूपात, मोजून, शिरेतून, हृदयावर लक्ष ठेवून देतात. हे वाचून कोणी वैदूकडून सोमलाची भस्मे आणू नयेत.

क्रॉनिक प्रकार, आणि आपला वेगळेपणा

सीएमएल हा आपल्याकडे मोठ्या माणसांत बऱ्यापैकी आढळणारा प्रकार. पाश्चात्त्य देशांत तो साठीच्या आसपास होतो, आपल्याकडे बहुधा पस्तीस-चाळिशीच्या, कर्त्या माणसाला. काही वर्षांमागे गुऱ्हाळावर काम करणारा एक गुळव्या माझ्याकडे आला. तक्रार एवढीच की दोन घास खाल्ले की पोट भरते आणि डाव्या कुशीत जड वाटते. "पोटात गोळा उठतो," असे तो म्हणायचा. हात लावला तर पाणथरी बेंबीपर्यंत आलेली. रक्तात पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर. तरी माणूस चालत आलेला, सायकल बाहेर लावून.

सीएमएलचा कागद एकदा पाहिला की विसरत नाही. पांढऱ्या पेशी पन्नास हजार, लाख, तीन लाखसुद्धा. प्लेटलेट्स नॉर्मल किंवा उलट वाढलेल्या. हिमोग्लोबिन थोडे कमी. काचपट्टीवर अंगणवाडीपासून कॉलेजपर्यंतचे सगळे वर्ग एकाच मैदानात सोडल्यासारखे दिसते, बालपेशी थोड्या आणि पुढच्या प्रत्येक वयाच्या भरपूर. ॲक्यूट ल्युकेमियात नेमके उलटे, अंगणवाडी खच्चून भरलेली, चार म्हातारे आणि मधले वर्ग रिकामे. शिवाय सीएमएलमध्ये बेसोफिल नावाच्या, एरवी शंभरात एखादीच दिसणाऱ्या पेशी वाढतात. ही खूण महत्त्वाची, कारण गंभीर जंतुसंसर्गातही कधी कधी पांढऱ्या पेशी पन्नास हजारांवर जातात आणि चित्र सीएमएलसारखे भासते. त्यात बेसोफिल वाढत नाहीत. शेवटचा निकाल बीसीआर-एबीएल नावाच्या जनुकाच्या तपासणीने लागतो. १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दोन संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवले. त्या अदलाबदलीतून जे दुष्ट प्रथिन तयार होते त्याच्यावर नेमके बोट ठेवणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली बाजारात आली.

या गोळीने सीएमएलचे रूपच पालटले. पूर्वी चार-पाच वर्षांत संपणारा रुग्ण आता मधुमेही माणसासारखा रोज गोळी घेऊन कामधंदा करतो, आणि नियमाने घेणाऱ्याचे आयुष्य इतरांच्या जवळपास येते. प्रश्न किमतीचा होता. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास आणि देशी कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. सीएमएलच्या रुग्णाला माझे सांगणे एकच असते, बरे वाटते म्हणून गोळी सोडू नकोस. पेशी महिन्या-दोन महिन्यांत नॉर्मल होतात, पण तो बीसीआर-एबीएल दर तीन महिन्यांनी मोजत राहावा लागतो. बाई रुग्ण असेल आणि मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, नंतर नव्हे.

चौथा सीएलएल. पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांचा सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया हाच. इंग्रजी पुस्तके वाचून शिकलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना म्हणूनच तो फार महत्त्वाचा वाटे. प्रत्यक्षात आपल्याकडे शंभर ल्युकेमियांत तो जेमतेम चार-पाच. जपानमध्येही तो कमी, आणि हवाई बेटांवर जाऊन राहिलेल्या जपान्यांतही कमीच राहिला. म्हणजे हा फरक जेवणाखाण्यापेक्षा रक्ताच्या वारशातला असावा. साठीपुढच्या माणसाच्या कागदात लिम्फोसाइट पुन्हा पुन्हा खूप जास्त, काचपट्टीवर पुसट फुटक्या पेशी, आणि माणूस मात्र ठणठणीत, असे याचे रूप. प्रत्यक्ष संख्या पाच हजारांच्या वर तीन महिने टिकली तर पुढची तपासणी करतात. गंमत अशी की अनेकांना वर्षानुवर्षे काही औषधच लागत नाही, नुसते लक्ष ठेवतात. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ येतात.

इथेच एक सूचना. पाच वर्षांखालच्या मुलांत लिम्फोसाइट पन्नास-साठ टक्के असणे हे नॉर्मलच आहे. छापील मर्यादा मोठ्या माणसांच्या असतात, म्हणून मुलाच्या कागदावर बाण येतो. त्यावरून रात्र जागवू नका.

सारखे दिसणारे इतर

तिन्ही रकाने खाली गेलेला प्रत्येक कागद ब्लड कॅन्सरचा नसतो. आपल्याकडे, विशेषतः मांस-अंडी न खाणाऱ्यांत, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तिन्ही उतरतात. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, एमसीव्ही हा आकडा शंभराच्या वर जातो. कारण ओळखले तर स्वस्त इंजेक्शनांनी माणूस महिन्यात टवटवीत होतो. १९७५ च्या 'मिली' चित्रपटात जया भादुरीला जो पर्निशिअस ॲनिमिया झालेला दाखवला आहे तो याच ब-१२ च्या घराण्यातला. इंजेक्शनाने आटोक्यात येणाऱ्या आजारासाठी थिएटरात लोकांनी रुमाल भिजवले. असो.

प्लेटलेट्स एकदम वीस हजार आल्या आणि माणूस धडधाकट, अंगावर डाग नाही, तर जांभळ्या टोपणाच्या बाटलीत त्यांच्या गुठळ्या झाल्या असण्याचा संभव असतो. मशीन गुठळीला एक मोजते. काचपट्टीवर ते लगेच कळते. टायफॉइडात पांढऱ्या पेशी कमी होतात, जंत किंवा दमा असेल तर इओसिनोफिल वाढतात, डांग्या खोकल्यात लिम्फोसाइट भरमसाट वाढतात.

मग तपासणी कधी करावी? दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेला ताप, वाढत जाणारा फिकेपणा, मार न लागता उठणारे डाग किंवा बोटाने दाबूनही न जाणारे लाल ठिपके, हिरड्यांचे रक्त, रात्रीची हाडदुखी, मानेतल्या-काखेतल्या न दुखणाऱ्या गाठी, डाव्या कुशीतला जडपणा. यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली तर सीबीसी आणि स्मिअर करून घ्यावा. काचपट्टीवर शंका आली तर मज्जेची तपासणी करतात. कंबरेच्या मागच्या हाडाला भूल देऊन सुईने थोडी मज्जा काढतात. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो" या भीतीने काहीजण पळून जातात. ही सुई मणक्याच्या जवळही जात नाही. त्याच नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री आणि जनुकांच्या तपासण्या होतात आणि उपचार त्यावर ठरतात.

हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्याने, रुग्णाची सेवा केल्याने होत नाही. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. ज्ञात कारणांत किरणोत्सर्ग आहे आणि बेन्झिन आहे. इस्तंबूलमध्ये बेन्झिनयुक्त डिंकाने सोल चिकटवणाऱ्या चांभारांत ल्युकेमियाचे प्रमाण जास्त असल्याचे १९७४ साली दाखवले गेले. आपली कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

खर्चाचे विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत आणि आता सर्व शिधापत्रिकाधारकांना वर्षाला पाच लाखांपर्यंत त्याचा आधार मिळतो. घर विकायचे ठरवण्याआधी योजनेतल्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटा. परत उलटलेल्या काही ल्युकेमियांवर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या, रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशातल्यापेक्षा तो खूप स्वस्त आहे, तरी काही लाखांचा आहेच. माझ्या पाहण्यात मात्र एएलएलची मुले महागड्या औषधांअभावी जात नाहीत, तर पहिल्या दोन महिन्यांत मूल बरे दिसले, सुगी आली, येण्याजाण्याचे पैसे संपले, म्हणून उपचार मध्येच सोडल्याने जातात. रक्त स्वच्छ दिसले तरी मज्जेत पेशी दबा धरून असतात, आणि त्या संपेपर्यंतची दोन-अडीच वर्षे म्हणजे उपचार.

आणि या काळात रुग्णाला वारंवार लागतात त्या प्लेटलेट्स. केमोथेरपीने त्या काही दिवस तळाला जातात. बाटलीतले रक्त थंड ठेवून महिनाभर टिकते, पण वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स सारख्या हलवत ठेवूनही पाच दिवसच टिकतात. त्यामुळे त्या साठवून ठेवता येत नाहीत, दर आठवड्याला नवा दाता लागतो. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शिबिरे कमी होतात, त्या वेळी रक्तपेढ्यांकडून फोन येतात ते बहुतेक याच मुलांसाठी असतात.